पाचवं शील आणि सातवं गाणं

अमरावतीच्या सिद्धार्थनगरात कोणाच्या घरी लेकरू झालं, लग्न ठरलं किंवा कोणी गेलं, की पहिला फोन जानरावांना जायचा. जानराव बौद्धाचार्य. पोटासाठी एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन, आणि सुटीच्या दिवशी आचार्य. निवृत्त झाल्यावर रोजच सुटी, त्यामुळे तिवशापासून नांदगाव खंडेश्वरापर्यंत त्यांच्या स्कुटीला उसंत म्हणून नव्हती. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, हँडलला पिशवी, पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा पुडा. लोक म्हणायचे, जानराव आचार्यांनी लावलेलं लग्न मोडत नाही. तेही हे ऐकून नाही म्हणायचे नाहीत.

त्यांची एक रीत होती. पंचशील देताना पहिली चार शीलं ते सरळ म्हणून घ्यायचे. पाचवं, म्हणजे दारूपासून दूर राहायचं, ते आलं की थांबायचे. चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, परत चढवायचा आणि मांडवातल्या मागच्या रांगेकडे एकेक चेहरा धरून पाहायचं. मागची रांग खाली मान घालायची. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग जानराव म्हणायचे, "हे जरा जोऱ्यानं म्हना बाप्पा, मांगचे! मले आयकू आलं पाह्यजे." आणि मागचे बिचारे घसा ताणून म्हणायचे.

कोणाला राग यायचा नाही, कारण हा माणूस आतून-बाहेरून सारखा होता. त्यांच्यासोबत श्याम नावाचा एक लाइनमन होता, तो एकदा घोट घेऊन खांबावर चढला आणि जिवंत खाली आला नाही. त्याला उतरवून घेणाऱ्यांत जानराव होते. तेव्हापासून दारू पिणाऱ्याच्या हातचं ते पाणीसुद्धा घेत नसत. वस्तीतली पोरं बाटली खिशात असली तर त्यांची स्कुटी पाहून गल्ली बदलायची. या एका गोष्टीवर जानरावांची सगळी पत उभी होती.

आणि नेमकं त्यांच्याच घरी जे होऊ नये ते झालं. झालं ते झालं, पण जानरावांनी ते झाकलं. इथं त्यांचं चुकलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांचा एकुलता एक मुलगा स्वप्निल. अभ्यासात यथातथा, पण बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही. कॉलेजात रॅप करायला लागला. नाव घेतलं 'काहून', म्हणजे वऱ्हाडीत 'का म्हणून'. पहिल्या पहिल्या गाण्यांत गाड्या, भांडणं आणि दर ओळीला एक शिवी. जानराव ते ऐकून कानांवर हात ठेवायचे आणि त्यांची बायको भागीरथा दारामागं हसायची. पण पोराचं नाव झालं. नागपूर, पुणे, कुठं कुठं बोलावणी यायला लागली. अकोल्याच्या माधवीशी लग्न झालं, तिकडंच बिऱ्हाड थाटलं, मुलगी संबोधी झाली. नाव झालं तशी दारूही आली, आणि दारू आली ती पाहुण्यासारखी दोन दिवस राहून गेली नाही.

पाच वर्षांपूर्वी, उन्हाळा सरता सरता, भागीरथाबाईंनी कैरीचं नवं लोणचं घातलं. सुनेला आवडतं म्हणून काचेची एक मोठी बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, नेऊन द्या. जानराव ती बरणी मांडीवर धरून अमरावती ते अकोला एसटीनं गेले. मूर्तिजापूरला चहाला उतरले तेव्हाही बरणी काखेतच. दुपारी दोनला ते मुलाच्या घरी पोहोचले. माधवीनं बरणी हातात घेतली, ओट्यावर ठेवली. पुढच्या पंधरा मिनिटांत स्वप्निलनं तीच बरणी तिच्या दिशेनं भिरकावली. कारण काय, तर जेवायला वाढायला उशीर. बाप समोर बसला होता, त्याचीही लाज राहिली नव्हती. काच माधवीच्या भुवईवर लागली. चार टाके.

जानरावांनी आधी मुलाला बाहेर ढकललं, कडी लावली. मग सुनेच्या कपाळाला ओला टॉवेल दाबून धरला. मग लेकरू कुठं आहे म्हणून शोधलं. साडेतीन वर्षांची संबोधी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली होती. जानराव गुडघ्यांवर बसले, वाकले, लोणच्याच्या तेलानं आणि तिखटानं लाल झालेले हात आत घातले आणि तिला ओढून बाहेर काढलं.

सुनेला आणि नातीला घेऊन ते त्याच दिवशी अमरावतीला आले. पुढं स्वप्निलला नागपूरकडच्या एका केंद्रात दोनदा ठेवलं, पहिल्यांदा पळून आला म्हणून दुसऱ्यांदा. आणि वस्तीत काय सांगितलं? पोराला कावीळ झाली. जोरात झाली. सुनेच्या कपाळाचं काय? न्हाणीत पाय घसरला. भागीरथाबाई म्हणाल्यादेखील, "काहून झाकता? चार मानसं मदतीले येतीन." जानराव म्हणाले, "मी पाचवं शील देतो. माहा पोरगा पेते म्हनून कळलं त मागची रांग मले हासन." एवढं खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, पण बोलले ते इतकं पक्कं की चार बाया स्वप्निलसाठी मुळ्याचा रस घेऊन आल्या.

स्वप्निल सुधारला. खरोखर सुधारला, त्यात खोट काढायचं कारण नाही. चार वर्षं त्यानं थेंब घेतला नाही. माधवी परत अकोल्याला गेली. भागीरथाबाई हे सगळं डोळ्यांनी पाहून मग वारल्या, म्हणजे वस्तीत जी एक साक्षीदार होती तीही राहिली नाही.

यंदा त्याचा नवा अल्बम आला. 'बाप झालो तवा.' नऊ गाणी, एकाही गाण्यात शिवी नाही. पेपरात फोटो आला. लेकीला खांद्यावर घेतलेला काहून, दाढी नीट राखलेली. खाली मजकूर की हा कलावंत आता प्रौढ झाला, बापपणानं त्याला शहाणं केलं वगैरे. जानरावांनी ते पान विहाराच्या सूचनाफलकावर स्वतः टाचण्या मारून लावलं. आणि एवढ्यावर त्यांचं मन भरलं नाही. रविवारच्या वंदनेनंतर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आज खीर खाऊन कोनी पळाचं नाई. माह्या पोराचे गाने आयकाचे हायत. आता त्यात वाईट काई नाई."

वस्तीतल्या बंडूनं मोबाइल विहाराच्या भोंग्याला जोडला. सत्तर-ऐंशी माणसं. पहिल्या गाण्यात लेकीचे चिमुकले मोजे हरवतात आणि बाप ते शोधत फिरतो. बाया हसल्या. दुसऱ्यात बाप वेणी घालायला शिकतो. पार्बताबाई, जानरावांची शेजारीण, म्हणाली, "अवो, गुणाचा निघाला नं पोट्टा!" जानरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुलाचं गाणं विहारात वाजतंय आणि कोणाला उठून जावंसं वाटत नाही, यापेक्षा त्यांना काही नको होतं.

सातवं गाणं लागलं. नाव 'पट्टा'.

खुट्टीले पट्टा, पोटात दारू,
माय म्हने, लेकराले नोको मारू.
लोनच्याची बरनी कपायावर फुटे,
खांबावरचा देव माहा घरी येऊन तुटे.
पलंगाच्या खाली मी, डोयापुढं पाय,
काचा येचत येचत रडे माही माय.

विहारात खीर वाढणाऱ्या बायांचे हात थांबले. खांबावर चढणारा बाप, खुंटीवरचा कातडी पट्टा. सिद्धार्थनगरातल्या प्रत्येकानं तो पट्टा जानरावांच्या भिंतीवर पाहिलेला. खांबाला स्वतःला बांधून घ्यायचा लाइनमनचा पट्टा, त्याला पितळी कडी. लहानपणी स्वप्निल तो कमरेला बांधून अंगणातल्या कडुलिंबाला लटकायचा आणि ओरडायचा, 'लाइन बंद करा, मी वर हावो!' हे आता कोणाच्या ध्यानात येणार? पट्टा तेवढा सगळ्यांच्या ध्यानात आला.

बंडूचं बोट मोबाइलकडं गेलं. जानराव म्हणाले, "चालू दे." त्यांना वाटलं, पुढं कडवं येईल. पुढच्या कडव्यात पोरगा म्हणेल की हा बाप मीच होतो, मी असा होतो. ते वाट पाहत उभे राहिले. पुढचं कडवं आलं. त्यात लेकीला छातीशी धरून काहून म्हणत होता की माह्या बापानं जे केलं थे माह्या घरात होनार नाई, साखळी मी तोडली. गाणं संपलं. आठवं लागायच्या आत बंडूनं तार ओढली.

खीर सगळ्यांनी खाल्ली. जाताना पार्बताबाईनं जानरावांच्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हटलं, "जाऊ द्या आचार्य. मानूस सुधारते, थेच मोठं असते."

"पार्बताबाई, थो मी नोय," जानराव म्हणाले. "थे सारं त्याचंच हाय. थोच पेत होता. माधवीच्या कपाळाचे टाके तुमी पायले नाई का?"

पार्बताबाई क्षणभर गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर दया आली, आणि ती दया जानरावांना तोंडात मारल्यासारखी लागली. "पन थे त न्हानीत पडली होती नं? अन् स्वप्निलले त कावीळ झालती. मीच रस आनला होता." म्हातारा आता स्वतःचं पोरावर ढकलतोय, असं तिला वाटलं हे उघड दिसत होतं.

त्या दिवशी जानराव घरी येऊन बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले आणि स्वतःलाच तपासू लागले. आपण मारलं होतं का कधी? एकदा. नऊ वर्षांचा असताना पोरानं विजेच्या डीपीच्या पेटीत हात घातला तेव्हा एक थप्पड. एकच. तेवढीच निघाली. ती थप्पड मारली नसती तर आज गाणं लिहायला पोरगा राहिला नसता, असं त्यांच्या मनात आलं आणि आपण असा विचार केला म्हणून ते आणखीच खचले.

पुढच्या पंधरा दिवसांत नांदगाव खंडेश्वराच्या लग्नाचा फोन आला की दुसरे आचार्य मिळाले, तुम्हाला उन्हात कशाला त्रास. तिवशाच्या नामकरणाला ते गेले. पाचव्या शीलाला सवयीनं थांबले, चष्मा काढला, पुसला, मागच्या रांगेकडं पाहिलं. मागच्या रांगेनं या वेळी मान खाली घातली नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "तुमीच म्हना जोऱ्यानं," आणि हशा पिकला. जानरावांनी पाचवं शील एकट्यानंच पुटपुटून उरकलं. बाळाचं नाव काय ठेवलं तेही त्यांना नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. स्वप्निल घरीच होता. बापाला पाहून खूश झाला, पाया पडला, चहा ठेवायला सांगितला. जानरावांनी चहाला हात लावला नाही.

"काहून लिवलं तसं?"

"काय, बाबा?"

"नाटकं करू नोको. सातवं गानं."

स्वप्निल खाली बसला. "थे गानं हाय बाबा. गान्यातला बाप म्हनजे तुमी नोय. पात्र असते थे."

"मंग पात्राले माहा पट्टा काहून देला? माही नोकरी काहून देली? तुह्या पात्राले दारू पाजाची होती त दुसरा एखांदा बाप पाह्याचा होता."

"खरं वाटाले पाह्यजे नं काई तरी."

"खरं वाटाले?" जानरावांचा आवाज चढला. "खरं वाटाचं होतं त खरंच लिवाचं! म्हनाचं, मी फेकली बरनी. मी होतो थो."

स्वप्निलनं दाराकडं पाहिलं. संबोधी शाळेतून यायची होती. "मी लिवलं होतं, बाबा. आईशप्पथ लिवलं होतं. पयले 'मी'च होतं त्यात. पन मले म्हनताच आलं नाई. अन् म्हनलं असतं त मले कोनं उभं केलं असतं? संबोधीच्या शाळेतले पोट्टे आयकतात माहे गाने. त्यायनं तिले विचारलं असतं, तुहा बाप तुह्या मायले मारत होता का, त?"

"अन् माह्यासंग जे होऊन राहिलं थे?"

"तुमचं वय झालं बाबा. तुमाले आता काय फरक पडते?"

तो हे वाईट मनानं बोलला नाही, हेच जास्त वाईट. त्याला खरंच तसं वाटत होतं. आपला बाप म्हणजे भिंत, तिच्यावर काहीही टांगावं. जानरावांना रडू येईना, रागही येईना. ज्या पोराला दोन वेळा केंद्रात नेऊन घातलं, दर रविवारी डबा घेऊन गेलो, ज्याच्यासाठी साऱ्या वस्तीशी खोटं बोललो, त्यानं आपलंच नाव उचललं आणि स्वतःची घाण पुसली. हे त्यांना कळत होतं, पण सांगायचं कोणाला?

माधवी आतून आली. तिच्या डाव्या भुवईत केस न उगवलेली बारीक रेघ होती. ती सासऱ्यासमोर जमिनीवर बसली. जानरावांना वाटलं, आता ही बोलेल. हिला तर सगळं ठाऊक आहे.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमी मले दवाखान्यात नेलं, वर्सभर लेकीवानी ठेवलं. मी इसरली नाई. पन आता घरात चांगलं चालून राहिलं. हे थे गानं म्हनतात नं, तवा त्याईले वाटते का थो दुसराच कोनी होता. मले बी तसंच वाटू द्या जी."

मुलाकडून बसलेला घाव त्यांनी कसाबसा सोसला होता. हा त्यांना सोसला नाही. ते उठले आणि चपला घालू लागले.

तेव्हा कुठं स्वप्निल घाबरला. दारात आडवा झाला. "येत्या इतवारी इथीच कार्यक्रम हाय. मोठा. तुमी या. वस्तीतले लोकं बी आना. मी स्टेजवरून सांगतो का माह्या बापानं कधी दारू पेली नाई. शब्द देतो, बाबा."

जानरावांनी तो शब्द धरला. धरणारच. पोराचा शब्द बापानं नाही धरायचा तर कोणी? अमरावतीला येऊन ते घरोघर गेले. "इतवारी अकोल्याले चला. थे गानं कोनाचं हाय, थे थो सोता सांगनार हाय." बंडूची क्रूझर गाडी ठरली. अकरा माणसं बसली, पुढच्या सीटवर पार्बताबाई. जानरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मूर्तिजापूरला सगळ्यांना स्वतः चहा पाजला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मोठ्यानं हसले.

दुपारी चारला हॉल भरला. सगळी तरुण पोरं, आणि पुढच्या रांगांत लेकरांना घेऊन आलेले बाप. एवढे बाप एका ठिकाणी जानरावांनी कधी पाहिले नव्हते. सहा गाणी झाली. मग स्वप्निलनं हात वर केला, सगळं शांत झालं.

"सातव्या गान्याच्या आंधी मले काई सांगाचं हाय," तो म्हणाला. जानरावांनी पार्बताबाईकडं पाहिलं. ऐका आता, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"लोकं मले विचारतात, हे गानं खरं हाय का? आज माहे बाबा इथी बसले हायत. तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात." उजेडाचा झोत येऊन जानरावांच्या तोंडावर पडला. स्वप्निल खाली उतरला, बापाचा हात धरून त्यांना वर घेऊन गेला. हॉल उभा राहिला. स्वप्निलनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. हजार चेहरे त्याच्याकडं लागले होते. त्याचा हात खांद्यावर घट्ट झाला हे जानरावांना कळलं.

"ह्या मानसाच्या तोंडाले आज..." तो थांबला. "ह्या मानसाच्या तोंडाले आज दारूचा थेंब नाई. हे विहारात पंचशील देतात. दुसऱ्याईची दारू सोडवतात. मानूस बदलू शकते, हे मी ह्याइच्यापासून शिकलो. टाळ्या ह्याइच्यासाठी!"

टाळ्या थांबेचनात. पुढच्या रांगेतला एक बाप लेकराला छातीशी धरून रडत होता. जानरावांनी माइककडं हात नेला. स्वप्निलनं त्यांचा तोच हात धरून कपाळाला लावला, वाकून पाया पडला, आणि पाठीमागं ढोल सुरू झाला. माइक स्वप्निलकडंच राहिला. जानराव पायऱ्या उतरून आले. पार्बताबाईनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरलेले होते. "आचार्य, सोडाले किती जोर लागला असन तुमाले. आमाले माईतच नोतं."

कार्यक्रम आटोपला तेव्हा उन्हं अजून होती. वस्तीतली माणसं क्रूझरजवळ कचोऱ्या खात थांबली आणि जानराव मागच्या खोलीत गेले. पोराला दोन शब्द ऐकवायचे, एवढंच ठरवून गेले. खोलीत हार पडलेले, माधवी ते पिशवीत भरत होती. स्वप्निल दाराशी घाम पुसत उभा. खुर्चीवर संबोधी पाय हलवत बसलेली. आठ वर्षांची झाली होती. एरवी आबाजी दिसले की धावत येऊन मांडीवर चढायची. आज आली नाही.

"आबाजी," ती म्हणाली, "थे बरनीवालं खरं हाय नं?"

"कोनं सांगतलं तुले?"

"मले आठवते. गान्यात पप्पा हायत पलंगाखाली, पन मी बी होती. लय भेव लागत होतं. मंग तुमी वाकून पायलं. तुमचे हात लाल होते. अन् तुमी मले ओढून राहिले होते."

माधवीच्या हातातला हार तसाच राहिला. जानरावांनी मुलाकडं पाहिलं. सरळ, डोळ्यांत. हॉलमधलं जाऊ दे, पार्बताबाई जाऊ दे, सारी अमरावती जाऊ दे. या एका लेकराला एवढंच सांग की ते हात तिला वाचवायला आत गेले होते. एक वाक्य. जानराव थांबले. त्यांनी पुरेसा वेळ दिला.

स्वप्निल टॉवेलनं मान पुसत राहिला.

मी नव्हतो असं आपण म्हणालो, तर ती विचारणार, मग कोण होतं? आणि हिच्या घरात माणूस तो एकच, हिचा बाप. रोज संध्याकाळी त्याच्याच हातची वेणी घालून घेते. जानरावांना हे सगळं एका क्षणात दिसलं. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"हाव, बाई," ते म्हणाले. "मीच होतो."

संबोधीनं मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. तिनं खुर्ची थोडी मागं सरकवली आणि शाळेत बाई सांगतात तशा आवाजात म्हणाली, "मंग पप्पाले सॉरी म्हना. मम्मीले बी."

माधवीनं तोंड भिंतीकडं केलं. जानराव स्टुलावरून उठले. मुलासमोर गेले. त्याला आता तरी काही वाटेल, तो हात धरेल, नाही बाबा म्हणेल, असं त्यांना अजूनही वाटत होतं. बापाचं मन असं वेडं असतं.

"चुकलं माहं," जानराव म्हणाले.

स्वप्निलनं त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंखुरं पाणी.

"जाऊ द्या, बाबा," तो म्हणाला. "मी त तुमाले केव्हाचंच माफ केलं."